ॲव्हरेज कागदावरचं आणि रस्त्यावरचं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

छोट्या पेट्रोल गाड्यांबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जिथे रुपयांचा हिशेब आहे तिथे पेट्रोल लिटरला 106 रुपये धरलं आहे. तुमच्या पंपावरचा भाव वेगळा असेल तर तो घालून गणित पुन्हा करावं.

प्रश्न : वॅगनआर, एक लिटरचं इंजिन, घेऊन चार महिने झाले. माहितीपत्रकात ॲव्हरेज 24.35 लिहिलं आहे. गावात सोळा-सतराच्या वर जात नाही. शोरूमवाले म्हणतात, दोन सर्व्हिसिंग होऊ द्या. कंपनी खोटं लिहिते का? — एक वाचक, परभणी

आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावर काढलेला नाही. गाडी रोलरवर चढवतात, समोर पंखा लावतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालक वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. ही चाचणी वीस मिनिटांपेक्षा थोडी कमी चालते. त्यात गाडी साडेदहा किलोमीटरच्या आसपास ‘जाते’, सरासरी वेग ताशी 32 किलोमीटरच्या जवळपास असतो आणि सर्वांत जास्त वेग 90. एसी बंद असतो. हवा 20 ते 30 अंशांची. वारा, चढ, खड्डा यांतलं काहीच नसतं. पेट्रोल किती जळलं हे धुरातला कार्बन मोजून काढतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना हीच चाचणी लावतात, त्यामुळे दोन गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा बऱ्यापैकी कामाचा आहे. तुमची गाडी तुमच्या गावात किती देईल, हे मात्र तो सांगत नाही.

आमचा अंदाज असा. गावातल्या गर्दीत एसी लावून माहितीपत्रकाच्या 65 ते 75 टक्के ॲव्हरेज मिळतं. मोकळ्या रस्त्यावर 80 च्या वेगाने 90 टक्के किंवा त्याहून थोडं जास्तही. 24.35 चे 70 टक्के म्हणजे 17. तुमची गाडी ठीक आहे.

परभणीसारख्या शहरात खरं नुकसान छोट्या फेऱ्यांनी होतं. घर ते शाळा दोन किलोमीटर, शाळा ते बाजार दीड. इंजिन गार असताना इंजिनाचा संगणक पेट्रोल जास्त सोडतो आणि ते पूर्ण तापायला तीन-चार किलोमीटर लागतात. म्हणजे तुमची गाडी तिच्या सगळ्यात खादाड अवस्थेतच घरी परतते. दुसरं, उभी गाडी. एसी लावून इंजिन चालू ठेवलं तर या आकाराची गाडी तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. रेल्वे फाटकावर दहा मिनिटं असंच थांबलात तर पावणेदोनशे मिलिलिटर गेलं, म्हणजे न हलता तीन किलोमीटरचं पेट्रोल संपलं.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर नवं इंजिन पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये थोडं मोकळं होतं. त्याने दोन-चार टक्के फरक पडेल, सतराचे बावीस होणार नाहीत.

प्रश्न : मीटरवरचा डिस्प्ले 20.6 दाखवतो. मी टाकी फुल करून 180 किलोमीटर गेलो, परत फुल केली तर 9.9 लिटर बसलं, म्हणजे 18.2 आलं. कोणावर विश्वास ठेवायचा? — एक वाचक, जालना

डिस्प्ले बहुतेक गाड्यांत थोडं जास्तच दाखवतो. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून तो पेट्रोलचा अंदाज बांधतो, प्रत्यक्ष लिटर मोजत नाही. तुमचं मापही मात्र अजून भरवशाचं नाही, आणि त्याचं कारण 180 या आकड्यात आहे.

नोझलचा ऑटो कट दर वेळी एकाच पातळीला होत नाही. गाडी जरा कलती उभी असली, धार जोरात असली, फेस आला, की पाऊण लिटर इकडेतिकडे होतं. 9.9 च्या जागी खरं पेट्रोल 9.2 असेल तर ॲव्हरेज 19.6 येतं आणि 10.6 असेल तर 17. एकाच फेरीत अडीच किलोमीटरचा घोळ. हाच पाऊण लिटर तीन वेळच्या मिळून 58 लिटरच्या बेरजेत आला तर चूक सव्वा टक्क्यावर येते. म्हणून एकदा नाही, सलग तीनदा टाकी भरून मोजा आणि एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. तीन वेगवेगळी ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नका, ती चुकीची येते.

पंप एकच, शक्यतो मशीनही एकच, गाडी त्याच दिशेने उभी. पहिल्या ऑटो कटला थांबायचं. पंपावरचा पोऱ्या हलवून हलवून आणखी अर्धा लिटर बसवतो किंवा पैसे पूर्णांकात आणायला वर टाकतो, ते नम्रपणे नको म्हणा. त्याने माप तर बिघडतंच, शिवाय टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरलं की पुढे गाडी गचके देते. ट्रिप मीटर शून्य करायला विसरू नका.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात. किलोमीटरचं मीटरही थोडं चुकतं. हायवेवर सलग वीस किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा. मीटरने 20.4 दाखवलं तर तुमचं ॲव्हरेज दोन टक्क्यांनी फुगलेलं आहे. टायर झिजले की चाकाचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्याला मीटर जास्त किलोमीटर मोजतं. नव्या टायरपासून पार गुळगुळीत टायरपर्यंत हा फरक सुमारे दोन टक्क्यांचा असतो. टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. त्यातला बराच भाग हाच असतो.

प्रश्न : घरात पाच माणसं. आठवडाभर गाडी मी एकटाच चालवतो, लातुरात रोज दहा-बारा किलोमीटर. महिन्यातून एकदा-दोनदा सगळे मिळून सोलापूर, पुणे किंवा संभाजीनगर. एक लिटरची घ्यावी की 1.2? वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, नियॉस यांत गोंधळ झाला आहे. ॲव्हरेज महत्त्वाचं आहे, पण गाडी ओढलीही पाहिजे. — एक शिक्षक, लातूर

तुमच्या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यावं लागेल, कारण बहुतेक लोक इथेच चुकीची गाडी घेतात. ट्रायल घेताना गाडीत आपण आणि सेल्समन असे दोघेच असतो, रस्ता सपाट असतो, आणि एक लिटरची गाडी छान पळते. मग पहिल्या सहलीत पाच माणसं, डिकीत बॅगा, मे महिना, एसी फुल्ल आणि समोर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर.

वजनाच्या मानाने ताकद किती, ते आधी बघू. एक लिटरच्या वॅगनआरचं वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास, ताकद 67 पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). चालक एकटा असेल तर टनाला 75 पीएस पडतात. पाच माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरले तर हाच आकडा 57 वर येतो. 1.2 च्या वॅगनआरमध्ये 90 पीएस आहेत आणि वजन जेमतेम वीस-पंचवीस किलोने जास्त. तीच पाच माणसं तिच्यात बसली तरी टनाला 75 राहतात. म्हणजे भरलेली 1.2 ही रिकाम्या एक लिटरसारखी ओढते. तुमच्या निर्णयासाठी हा एकच आकडा पुरेसा ठरावा.

बाकीच्या गाड्या याच मापाने बघितल्या तर नव्या स्विफ्टचं तीन सिलिंडरचं इंजिन 82 पीएसचं आहे आणि गाडी सव्वानऊशे किलोच्या घरात. भरल्यावर टनाला 64-65. टियागो 86 पीएसची, पण अंगाने जड, तीही तिथेच येते. नियॉस 83 पीएसची, चार सिलिंडरची. ती या दोघींच्या पंगतीतली, पण आवाज आणि थरथर यांत सगळ्यांत शांत. बलेनोत वॅगनआरचंच 90 पीएसचं इंजिन आहे, पण अंग मोठं असल्याने भरल्यावर सत्तरच्या आसपास. अल्टो के10 हलकी असल्याने दोघांत फार चपळ वाटते. पाच माणसांसाठी मात्र ती घेऊ नये, जागेमुळेही आणि मागच्या सस्पेन्शनमुळेही.

पीएसचा आकडा साडेपाच-सहा हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो आणि तिथपर्यंत आपण रोज जात नाही, हे खरं. रोजच्या चालवण्यात टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, कामाला येतो. एक लिटरला 89 न्यूटन मीटर, 1.2 च्या वॅगनआरला 113, स्विफ्टला 112 च्या आसपास, टियागोला 113. टियागोचा टॉर्क 3300 आरपीएमलाच वर येतो, त्यामुळे कमी वेगात गिअर न बदलता ती बरी ओढते. मारुतीच्या चार सिलिंडरच्या 1.2 इंजिनाला जोर यायला 4400 लागतात. ते मोकळं वाजवलं तरच खुलतं.

आता मराठवाड्याचा उन्हाळा. इंजिनाची ताकद ते किती हवा ओढू शकतं यावर असते. 42 अंशांची हवा विरळ असते आणि आपण समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंच आहोत. दोन्ही मिळून कागदावरच्या ताकदीतले आठ-दहा टक्के आधीच कमी होतात. वर एसीचा कॉम्प्रेसर दोन ते तीन किलोवॅट खातो. दोन हजार आरपीएमला एक लिटरचं इंजिन जोर लावून सतरा-अठरा किलोवॅट देतं, त्यातले तीन गेले की चढावर गाडी दबल्यासारखी का होते, ते कळेल. 1.2 मध्ये हेच तीन कमी जाणवतात.

ओव्हरटेकचं गणितही करून बघा. अठरा मीटरचा ट्रक 50 ने जातोय आणि तुम्ही 80 ने त्याला ओलांडताय. मागे-पुढे वीस-वीस मीटर अंतर धरलं तर सात सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही 160 मीटर जाता. समोरून कोणी 80 ने येत असेल तर तोही 160 मीटर येतो. एकूण 320 मीटर मोकळा रस्ता लागतो, आणि तोही तुम्ही आधीच 80 वर असाल तर. ट्रकच्या मागे 50 वर अडकून तिथून वेग घ्यायचा असेल तर अंतर आणखी वाढतं. भरलेल्या एक लिटरच्या गाडीत चौथ्या गिअरमध्ये हा प्रयत्न करू नये. तिसरा टाका. तिसऱ्यात साठ म्हणजे इंजिन तीन हजारांच्या आसपास असतं आणि पुढे जोर शिल्लक असतो. इंजिन ओरडतं म्हणून घाबरून मध्येच गिअर वर टाकणं, ही नेमकी चूक अनेक जण करतात.

ॲव्हरेजचं काय? माहितीपत्रकात वॅगनआर एक लिटर 24.35 आणि 1.2 ला 23.56, म्हणजे तीन टक्क्यांचा फरक. गावात एकट्याने चालवताना एक लिटरची गाडी किलोमीटर-दीड किलोमीटर जास्त देईल. पाच माणसांत हायवेला तो फरक पुसला जातो, कारण छोटं इंजिन सतत जोर लावून चालतं आणि जोर फार वाढला की संगणक इंजिनाला सांभाळण्यासाठी पेट्रोल वाढवतो. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. 18 च्या जागी 17 मिळालं तर जास्तीचं पेट्रोल 39 लिटर, सुमारे 4,100 रुपये. महिन्याला साडेतीनशे. एवढ्यासाठी ओव्हरटेकची सुरक्षा सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमच्या वापराला 1.2 ची वॅगनआर किंवा नियॉस. हायवेचा वेग नेहमी शंभरच्या वर असेल तर वॅगनआरची उंच, चौकोनी बांधणी आडवी येते. मग नियॉस किंवा स्विफ्ट. टियागो मजबूत वाटते आणि रस्त्याला धरून चालते, पण ॲव्हरेजमध्ये या चौघींत मागे राहते. तिच्या माहितीपत्रकातला आकडाच वीसच्या आसपास आहे.

ट्रायल घ्याल तेव्हा घरच्यांना सोबत न्या. पाचही जण बसा, एसी लावा आणि शहराबाहेर एखाद्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढून बघा. शोरूमवाले कुरकुर करतील, तरी आग्रह धरा.

प्रश्न : समृद्धीवरून संभाजीनगर–नागपूर केलं. नवी स्विफ्ट, 115-120 ने. ॲव्हरेज 15 पडलं आणि येताना तर 14. साध्या हायवेला 22 मिळतं. समृद्धीवर गाडी बिघडली का? — एक व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

गाडीला काही झालेलं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वर जेवढा असतो त्याच्या दीडपट 100 वर आणि सव्वादोन पट 120 वर. टायरचा विरोध फारसा वाढत नाही, म्हणून पेट्रोल सव्वादोन पट लागत नाही, पण दीडपट लागतंच. या वर्गातल्या गाड्यांचं साधारण असं दिसतं : स्थिर 80 ला 22 ते 24, 100 ला 18 ते 20, 120 ला 14 ते 16.

चारशे किलोमीटरचा हिशेब करा. 120 ने तीन तास वीस मिनिटं आणि सुमारे 26.7 लिटर. 100 ने चार तास आणि 21 लिटर. चाळीस मिनिटं वाचवायला सहाशे रुपये जातात. घाई असेल तर जरूर द्या, कारसाठी सपाटीवर 120 ची मर्यादा आहेच. पण ॲव्हरेजची तक्रार करू नका. शंभरने जायचं असेल तर डावीकडच्या लेनमध्ये राहा.

येताना कमी का? नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आणि संभाजीनगर साडेपाचशेच्या वर, म्हणजे परतताना गाडी अडीचशे मीटर चढते. भरलेल्या छोट्या गाडीला तेवढं चढायला अडीचशे ते तीनशे मिली पेट्रोल जास्त लागतं. शिवाय जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून येतो. वीसच्या वेगाचा वारा समोरून असेल तर 100 ने जाणाऱ्या गाडीला 120 चाच विरोध होतो. म्हणून एका बाजूच्या प्रवासावरून कुठल्याच गाडीचं ॲव्हरेज सांगू नये, जाऊन-येऊन मोजावं. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर काढून ठेवा, या वेगात ते रोज पैसे खातं.

एक सूचना ॲव्हरेजपेक्षा महत्त्वाची आहे. तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास 120 ने जाताना हवा कमी असलेला टायर बाजूने सतत दबतो, आतून तापतो आणि फुटतो. निघण्याआधी, टायर गार असताना, चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. सामान आणि माणसं जास्त असतील तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. वाटेत टायर तापल्यावर हवा वाढलेली दिसते, ती सोडू नका. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख कोरलेली असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी एवढे जुने टायर या रस्त्यावर नेऊ नयेत.

प्रश्न : मांजरसुंबा घाट उतरताना मी गाडी न्यूट्रल करतो, कधी बंदही करतो. पेट्रोल वाचतं ना? — एक वाचक, बीड

नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढला, की इंजिन साधारण दीड हजार आरपीएमच्या वर फिरत असेपर्यंत इंजेक्टर बंद राहतात. पेट्रोल शून्य. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी तासाला अर्धा ते पाऊण लिटर जळतच राहतं. कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलने पेट्रोल वाचायचं. ती सवय अजून गेलेली नाही.

इंजिन बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली चुकून जास्त फिरली तर लॉक. घाट चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि शेवटच्या वळणावर धरत नाहीत.

प्रश्न : माझी 2016 ची अल्टो 800 आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज 20 वरून 17 वर आलं. सगळं इथेनॉलमुळेच का? — एक वाचक, नांदेड

काही भाग इथेनॉलचा, सगळा नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरलेली आहे. पण ही तुलना शुद्ध पेट्रोलशी आहे. 2022 च्या मध्यापासून देशभर दहा टक्क्यांचं मिश्रण चालूच होतं, त्यामुळे दहावरून वीसवर जाताना खरी घट तीन-साडेतीन टक्क्यांची. 20 चं 19.3 होईल. 17 म्हणजे पंधरा टक्के पडलं. उरलेलं टायर, ब्रेक किंवा प्लगमध्ये शोधा, पुढचं उत्तर त्यासाठीच आहे.

एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील या मिश्रणाला सोसतील असे दिलेले आहेत. तुमच्या गाडीत रबरी पाइप कडक होणं, जोडाला ओल दिसणं, टाकीजवळ वास येणं यांवर सर्व्हिसिंगच्या वेळी लक्ष ठेवायला सांगा. पेट्रोलचा पाइप दोन-अडीचशे रुपयांत बदलता येत असेल तर गळेपर्यंत वाट बघू नका. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि गाडी सुरूच होत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

प्रश्न : टियागो, 45,000 किलोमीटर झाले. दोन महिन्यांत ॲव्हरेज 17 वरून 13.5 वर. मेकॅनिकने एअर फिल्टर आणि प्लग बदलले, फरक नाही. आता इंजेक्टर बदलायला सांगतो. — एक वाचक, तुळजापूर

इंजेक्टरला थांबा. एवढी मोठी, अचानक घट असेल तर आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासायच्या.

पहिला संशय ब्रेकचा. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबू द्या आणि चारही रिमजवळ हाताचा पालथा पंजा न्या, चिकटवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथे ब्रेक धरून बसला आहे. मग जॅक लावून ते चाक हाताने फिरवा. पुढे असेल तर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना धूळ-चिखलाने सुकलेल्या असतात. त्या काढून, पुसून, ब्रेकचंच उष्णतारोधक ग्रीस लावायचं. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं. मागे असेल तर बहुधा हँडब्रेकची केबल कोणीतरी जास्त ताणली आहे.

मग टायरची हवा, आणि व्हील अलाइनमेंट. टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला करवतीसारखे झिजले असतील तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला आहे.

तिसरं, शेवटच्या सर्व्हिसिंगला ऑइल कोणतं टाकलं ते बिलावर बघा. नव्या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बाहेर 20डब्ल्यू-50 सारखं जाड ऑइल ‘आपल्याकडच्या गरमीला चांगलं’ म्हणून टाकतात. त्याने ॲव्हरेज पडतं आणि इंजिन सुरू होताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं.

क्लचही बघा. चौथ्या गिअरमध्ये पन्नासवर जोरात ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढले पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही तर क्लच घसरतोय. नेहमी हाफ क्लचवर पाय ठेवणाऱ्यांच्या गाडीत एवढ्या किलोमीटरला हे होतं.

हे सगळं ठीक निघालं तरच स्कॅनर लावायचा. मेकॅनिकला ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ वाचायला सांगा, म्हणजे संगणक ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे, तर इंधनाची यंत्रणा ठीक. उणे दहाच्या पलीकडे असेल तर इंजिनाला जास्त पेट्रोल जातंय, तेव्हा गळणारा इंजेक्टर, इंधनाचा दाब किंवा सेन्सर यांकडे वळावं. इंजिनाचं तापमानही बघायला सांगा. अर्धा तास चालवूनही ते सत्तरच्या आसपास रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडा अडकला आहे. संगणक इंजिन गारच समजून पेट्रोल वाढवत राहतो. हा भाग इंजेक्टरच्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदला तर पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही, कारण जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल संगणक सोडतो. फिल्टर वेळेवर बदला, ते इंजिनाच्या आयुष्यासाठी. कच्च्या रस्त्याने रोज शेतावर जात असाल तर दर पाच हजारांना बघा. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागद फाटतो. फाटलेल्या फिल्टरपेक्षा मळलेला परवडला.

प्रश्न : एसी लावावा की काचा खाली? — एक वाचक, हिंगोली

गावात पन्नासच्या आत काचा उघड्या स्वस्त. ऐंशीच्या वर उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो, तिथे एसीच बरा. उन्हात उभी केलेली गाडी उघडून मिनिटभर दारं मोकळी ठेवा, काचा खाली करून थोडं चाला, मग एसी लावून हवा आतल्या आत फिरवा. कापसाच्या हंगामात पुढच्या जाळीत तंतू आणि धूळ बसते, कंडेन्सर चोंदतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. साध्या पाइपच्या धारेने धुवा. गाड्या धुण्याच्या प्रेशर मशीनने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

प्रश्न : एएमटी (स्वतःच गिअर बदलणाऱ्या) गाडीचं ॲव्हरेज मॅन्युअलपेक्षा जास्त लिहितात. खरंच मिळतं का? घाटात चालते का? — एक डॉक्टर, अंबाजोगाई

चाचणीत मिळतं, कारण मॅन्युअलला गिअर बदलण्याचे वेग ठरवून दिलेले असतात आणि एएमटी लवकर वरचा गिअर टाकते. रस्त्यावर दोन्ही जवळपास सारखंच देतात. गर्दीत मॅन्युअल चालवताना ज्यांना नीट गिअर टाकायचा कंटाळा येतो, त्यांना एएमटीच जास्त देईल. ओव्हरटेकला मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती क्षणभर अडखळते, तेवढं अंतर हाताशी ठेवा. घाटात मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. चढावर ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरू नका, क्लच जळतो.

प्रश्न : अल्टो के10 ला 145 ऐवजी 155/80 आर13 टायर टाकले. दिसायला छान, पण ॲव्हरेज एका किलोमीटरने कमी. — एक वाचक, उदगीर

त्यातलं अर्ध्याहून जास्त मीटरचं आहे. नव्या टायरची त्रिज्या 281 ऐवजी 289 मिलिमीटर झाली, म्हणजे मीटर आता जवळपास तीन टक्के कमी किलोमीटर मोजतं. 20 आलं असेल तर ते 20.6 समजा. उरलेला भाग रुंद आणि जड टायरचा खरा तोटा आहे. वेगही मीटरवर दिसतो त्यापेक्षा तेवढाच जास्त असतो, हे लक्षात ठेवा. पुढची चाकं पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून, खड्ड्यात आतल्या कव्हरला टायर घासतो का तेही एकदा बघून घ्या.